ज्युरीत बसलेला माझा माणूस

एमेट थीबो माझ्या बागेत आला तो पाणी मागायला. सप्टेंबरची दुपार होती, बारीक पाऊस सकाळपासून लागून राहिला होता आणि आमच्या चढणीच्या पायथ्याशी त्याचा निळा ट्रक वाफा सोडत उभा होता. मी शेडच्या दारात, कोपरापर्यंत सफरचंदाच्या लगद्यानं माखलेली. रस काढायचं यंत्र नेमकं त्याच दिवशी रुसलेलं. त्यानं बादली भरून घेतली, वळला... आणि थांबला. मान जराशी कलती करून यंत्राची कुरकुर ऐकत राहिला.

"डावीकडचा पट्टा सैल झालाय," तो म्हणाला. "बघू का? नको असेल तर राहू दे."

मला नकोच होतं. आपणहून चढण चढून येणाऱ्या माणसाला काहीतरी विकायचं तरी असतं, नाहीतर काहीतरी न्यायचं तरी असतं, हे मी बाबांकडून शिकले होते. पण शेडमध्ये सफरचंदाचे चाळीस खोके वाट बघत होते. मी बाजूला झाले. पाव तासात यंत्र सुरळीत सुरू झालं. त्यानं पेलाभर रस घेतला, डोळे मिटून प्यायला आणि म्हणाला, यात थोडी आंबट जात वाढवली तर रस जिभेवर जास्त वेळ राहील.

मी त्याला कामावर ठेवलं. त्याआधी त्याच्या तीन जुन्या मालकांना फोन केले. तिघांनीही त्याचं तोंडभरून कौतुक केलं, आणि माझा संशय दुप्पट झाला. माणूस एवढा चांगला आहे तर तिघांनीही त्याला जाऊ कसं दिलं?

असा माझा स्वभाव. काही जन्मजात, काही कमावलेला. एकतीस वर्षांची होईतो माझा एक साखरपुडा मोडून झाला होता. तो गृहस्थ दर गुरुवारी विमा कंपनीच्या बैठकीला जायचा, आणि ती बैठक स्प्रिंगफिल्डमधल्या एका केशकर्तनालयाच्या वरच्या खोलीत भरायची. बैठकीत दोनच जण असायचे. बाबा गेले, बाग माझ्यावर आली, आणि तेव्हापासून मी बिलं दोनदा वाचते, कुलूप तीनदा ओढून बघते.

एमेट वर्षभर राहिला. गावात हार्डवेअरच्या दुकानावर त्यानं खोली घेतली होती. कमी बोलायचा. सकाळी आला की टोपी खिळ्याला अडकवायचा, आणि दुपारी कधीतरी माझ्या ऑफिसच्या खिडकीत एक सफरचंद ठेवून जायचा — त्या दिवशीच्या तोडणीतलं सगळ्यात देखणं. बोलायचा काहीच नाही. मी ते सफरचंद उलटसुलट करून बघायचे. कीड असेल, म्हणून दाखवायला ठेवलंय का? कीड कधीच नसायची.

आमच्या दुकानात डोनट तळणारी माझी इरेना आत्या हे सगळं बघत होती. "अगं लोर्ना," ती एकदा म्हणाली, "माणूस सफरचंद ठेवतोय, साप नव्हे. खाऊन टाक."

मी खाल्लं. पण का ठेवतो, हा प्रश्न काही सुटला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात, ऐन तोडणीत, त्यानं माझ्यासमोर एक कागद धरला. ज्युरीचं समन्स, खटला ऐकून निकाल द्यायला साध्या नागरिकांना येतं ते बोलावणं. मी ते उजेडात धरून शिक्का बघितला. तो शांतपणे म्हणाला की आपल्या मॅसॅच्युसेट्सात एक दिवस किंवा एक खटला, एवढंच असतं. बहुतेकांना पहिल्याच दुपारी घरी पाठवतात. पहिल्या तीन दिवसांचा पगार मालकानं द्यायचा आणि पुढे सरकार रोजचे थोडेफार देतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी कोर्टात फोन केला. कारकुनानं सांगितलं, हो, थीबो नावाच्या माणसाला त्या तारखेला बोलावलंय. माझा थोडा विरस झाला.

समन्सच्या दिवशी संध्याकाळी तो पाचला परतला.

"बसवलं," तो म्हणाला.

"कशाचा खटला?"

"सांगता येत नाही."

"किती दिवस?"

"तीन आठवडे म्हणतायत... कदाचित जास्त."

"तीन आठवडे? आणि बाकी कोण कोण आहेत तिथे?"

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "मालकीणबाई, मला खरंच काही सांगता येत नाही."

हे वाक्य मी आधीही एका माणसाच्या तोंडून ऐकलेलं होतं. पुन्हा कोर्टात फोन केला, तर कारकून म्हणाला की कोण कुठल्या खटल्यात बसलंय हे फोनवर सांगत नाहीत. झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

तसं बघितलं तर तो कामात कमी पडत नव्हता. कोर्टातून सुटला की थेट शेडमध्ये यायचा, शर्टाच्या बाह्या दुमडायचा आणि काळोख पडेपर्यंत लगदा कापडात गुंडाळून फळ्यांच्या मध्ये रचत राहायचा. मी त्याला नको म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मनात म्हणत होते की एवढं तरी करायलाच हवं. दिवसभर यंत्रावर मीच उभी असायचे आणि मला त्याचा अर्धाही हात नव्हता. चोथा ओला राहायचा, रस वाया जायचा, खोके शेडबाहेर साठत चालले होते. आणि तो दिवसेंदिवस ओढल्यासारखा दिसायला लागला होता. एकदा पिंपावर हात टेकवून उभ्या-उभ्याच त्याला डुलकी लागली. पापण्यांवर सफरचंदाचा बारीक तुषार होता. मी दोन पावलं जवळ गेले... आणि मग मनात आलं, दिवसभर खुर्चीत बसून माणूस एवढा दमेल कसा?

दुसऱ्या आठवड्यात मी पहाटे साडेसहाला माल पोचवायला निघाले होते, आणि त्याचा निळा ट्रक मला फिस्कच्या फाटकात दिसला.

वॉरन फिस्कची बाग आमच्या बागेला लागून, दगडी भिंतीपलीकडे. त्या भिंतीतल्या चार हात जागेवरून बाबांचं आणि त्याचं वाजलं होतं, आणि तेव्हापासून एकोणीस वर्षं आमच्या दोन घरांत 'गुड मॉर्निंग'सुद्धा झालेलं नव्हतं. फिस्ककडे आमच्याहून मोठं यंत्र होतं आणि चांगल्या माणसांवर त्याची नेहमीच नजर असायची. दुसऱ्या दिवशीही ट्रक तिथेच. तिसऱ्या दिवशीही.

आता सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. ज्युरी-बिरी काही नाही. पहिल्या दुपारीच त्याला सोडलं असणार. दिवसा फिस्ककडे, संध्याकाळी माझ्याकडे, आणि वर तीन दिवसांचा पगार माझा. नवीन जागा पक्की झाली की टोपी खिळ्यावरून काढेल आणि जाईल.

सरळ विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी तो कापडं धुऊन वाळत घालत होता, तेव्हा त्याच्या पाठीकडे बघत मी म्हणाले, "हे असंच चालणार असेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

त्याच्या हातात एक ओलं कापड होतं. त्यानं ते पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं आणि त्याच्या कडा नीट जुळवल्या. मग माझ्याकडे वळला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"बघा," एवढंच म्हणाला.

सोमवारी मी यंत्र बंद ठेवलं, निळा कोट घातला, नखांतला लगदा ब्रशनं घासून काढला आणि जिल्ह्याच्या कोर्टात गेले. खटले सगळ्यांना खुले असतात. मी पहिल्या दालनात डोकावले तिथे कोणी ओळखीचं नव्हतं. दुसऱ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले, आणि मान वर केली तर समोर ज्युरीच्या दुसऱ्या रांगेत, तिसऱ्या खुर्चीत एमेट होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कधी न बघितलेला तपकिरी टाय. गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून साक्षीदाराचं बोलणं असा ऐकत होता, जसा तो यंत्राचा आवाज ऐकतो... मान जराशी कलती करून.

माझ्या छातीवरचा दगड उतरला. एक क्षणभरच. मग मला आरोपी दिसला.

कर्टिस लमॉय. वरच्या अंगाला एका बागेत कामाला असलेला पोरगा. मार्चमध्ये त्याच्या मालकाचं कोठार जळलं, त्याला आदल्या दिवशी कामावरून काढलेलं होतं, आणि सात महिने तो तुरुंगात होता. सगळ्या खोऱ्यानं त्याला केव्हाच दोषी ठरवलं होतं. मीसुद्धा. आमच्या दुकानात, डोनटच्या टेबलापाशी उभी राहून, चार गिऱ्हाइकांसमोर.

तेवढ्यात एमेटनं मला बघितलं. हसला नाही. मान हलवली नाही. त्याचे कान मात्र हळूहळू लाल होत गेले. मग त्यानं पेन्सिल उचलली, चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि ती शेजारी उभ्या असलेल्या बेलिफाच्या हातात दिली. चिठ्ठी न्यायाधीशबाईंकडे गेली. बाईंनी वाचली, चष्म्यावरून थेट माझ्या बाकाकडे बघितलं आणि कामकाज थांबवलं. ज्युरीला आत पाठवलं.

त्यानं माझी चुगली केली होती! मला एवढंच कळलं.

बेलिफ मला न्यायाधीशांच्या खोलीत घेऊन गेला. तिथे दोन्ही बाजूंचे वकील होते, कोपऱ्यात टंकलेखक बाई होती. मला शपथ दिली. न्यायाधीशबाई पिकल्या केसांच्या, आवाज मऊ. त्या म्हणाल्या की ज्युरीतल्या प्रत्येकाला सांगून ठेवलंय, ओळखीचं कोणी दालनात दिसलं तर लगेच कळवायचं. त्या गृहस्थांनी तेवढंच केलंय. मग विचारलं, "तुम्ही आज इथे कशासाठी आलात?"

खोटं बोलायला सुचत होतं. सहज आले, बाजाराला आले होते... पण हात नुकताच वर करून झाला होता.

"तो ज्युरीत बसलाय हे खोटं आहे असं मला वाटलं," मी म्हणाले. "म्हणून बघायला आले."

टंकलेखक बाईची बोटं खटखट करत हे सगळं टिपत होती.

मग बचावाच्या वकिलानं विचारलं की या खटल्यावरून तुम्ही त्यांच्याशी काही बोललात का. मी म्हणाले, नाही, तो बोलूच देत नाही. आणि त्यांच्या नोकरीबद्दल काही बोललात? मी कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं. मग शुक्रवारचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. संध्याकाळी तो माझ्याकडे काम करतो, हेही सांगितलं.

न्यायाधीशबाईंनी आवाज जराही न चढवता मला समजावलं. ज्युरीसाठी नोकरीची भीती घालणं हा या राज्यात गुन्हा आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चौदा जण बसवले होते, दोघं आजारपणानं गळाले, आता मोजून बारा उरलेत. यातला एक जरी दबावाखाली आहे असं ठरलं, तर सगळं पहिल्यापासून. साक्षी पुन्हा, ज्युरी पुन्हा. आणि तो पोरगा, दोषी असो वा नसो, आणखी कित्येक महिने आत.

"ज्याला घाई आहे असा माणूस तिथे बसवून चालत नाही," त्या म्हणाल्या. "ती घाई तुम्ही काढून घेऊ शकता. मी नाही."

मी कागद मागितला. माझं लिहिणं म्हणजे पावत्या आणि पाट्या, त्यापलीकडे काही नाही. पेन हातात घेऊन बराच वेळ बसले. मग लिहिलं:

'श्री. थीबो, शुक्रवारी बोलले ते मी मागे घेते. तुमची जागा तुमचीच आहे, खटला कितीही चालो. पगार पूर्ण मिळेल. संध्याकाळी कामाला यायचं नाही. जेवायचं आणि झोपायचं. सफरचंदं थांबणार नाहीत, पण ती काळजी माझी. घाई करू नका. — लोर्ना झालेस्की'

बाईंनी तो कागद दोन्ही वकिलांना दाखवला, दोनदा वाचला आणि म्हणाल्या की हे मी त्यांना स्वतः वाचून दाखवीन. पुढे काय करायचं ते त्यांना विचारून ठरवू. आणि खटला संपेपर्यंत त्यांच्याशी भेट नाही, फोन नाही, निरोप नाही. मी मान हलवली. बाहेर आले तेव्हा पायऱ्यांवर पाऊस लागला होता आणि छत्री मी ट्रकमध्येच विसरले होते. त्यानं आत काय सांगितलं, त्याला काढलं की ठेवलं, मला काहीच कळणार नव्हतं. संध्याकाळी त्याचा ट्रक आला नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एवढंच छापून आलं होतं की साक्षी पुढे चालू आहेत. ती ओळ मी चार वेळा वाचली.

आता सफरचंदांचं काय? रात्रभर विचार केला तरी उत्तर एकच येत होतं, आणि ते दगडी भिंतीपलीकडे होतं.

वॉरन फिस्क ओसरीत बूट काढत बसला होता. सत्तरीचा, हाडकुळा, भुवया झाडाच्या फांद्यांसारख्या. मी म्हटलं की मला आठवड्यातून दोन दिवस यंत्रावर माणूस हवाय, काय असेल तो मोबदला देईन. एवढं बोलायला मला एकोणीस वर्षं लागली होती.

"उशीर केलास," तो म्हणाला. "मी दोन आठवडे वाट बघतोय."

"म्हणजे?"

"तुझा तो थीबो. खटला सुरू झाला आणि सकाळी सहाला दारात हजर. म्हणाला, तुमच्या यंत्राचा फळं दळायचा भाग बिघडलाय असं ऐकतो, मी कोर्टात जायच्या आधी रोज तासभर येऊन दुरुस्त करतो, त्याबदली तुमचा माणूस झालेस्कींकडे पाठवा. मी म्हटलं, पाठवतो. पण तिनं स्वतः येऊन मागायला हवं." त्यानं दुसरा बूट काढला. "तो म्हणाला, मग कठीण आहे. तरी रोज येतोच आहे."

मी भिंतीच्या बाजूनं परत चालत आले. गवतावर दव होतं, पोटऱ्यांपर्यंत भिजले. सकाळी सहापासून फिस्कचं यंत्र, मग दिवसभर कोर्ट, मग काळोख पडेपर्यंत माझं यंत्र. आणि मी त्याच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघून काय विचार केला होता!

फिस्कचा माणूस आला. दोन दिवस तो, बाकीचे दिवस मी. त्याच्याकडून मी लगदा रचायला नीट शिकले. शुक्रवारी एमेटचा पगार पाकिटात घालून हार्डवेअरच्या दुकानदाराकडे ठेवला. चिठ्ठी घातली नाही, निरोपाला बंदी होती. आत्यानं पाकिटाबरोबर डोनट देऊ का विचारलं. डोनट निरोपात मोडतो का, यावर आम्ही दोघींनी गंभीरपणे चर्चा केली आणि तो ठेवून घेतला.

साक्षी आणखी नऊ दिवस चालल्या. बारा जण तीन दिवस दार लावून बसले. नोव्हेंबरच्या पहिल्या थंडीत, दुपारी, दुकानातल्या रेडिओवर निकाल आला. कर्टिस लमॉय निर्दोष.

दुकानात सहा-सात माणसं होती. एकदम सगळी बोलायला लागली. चर्चच्या जेवणासाठी दरवर्षी आमच्याकडून रस नेणाऱ्या मिसेस पॉम्रॉय म्हणाल्या की तुमचाच माणूस होता ना त्यात? आग लावणाऱ्याला सोडून आला, आणि तुम्ही त्याला परत कामावर घेणार?

महिन्याभरापूर्वी मीही त्यांच्याच सुरात बोलले असते. मी गल्ल्यामागून बाहेर आले. म्हटलं, तिथे बारा जणांनी सगळं ऐकलं, आपण काहीच ऐकलं नाही. तो सोमवारी कामावर येईल, आणि या दुकानात त्याला त्याबद्दल कोणी काही विचारायचं नाही. मिसेस पॉम्रॉय रस न घेताच गेल्या. आत्या कढईसमोरून म्हणाली, "जाऊ दे. त्या डोनटही कालचेच मागतात."

सोमवारी सकाळी पाऊस पडून गेला होता. पागोळ्या गळत होत्या. मी शेडमध्ये एकटीच फळ्या धूत होते, तेव्हा दारात सावली पडली. टोपी हातात, चेहरा झोप झालेला, ताजा. त्यानं कोर्टाचा दाखला माझ्यापुढे केला, इतके दिवस हजर होता म्हणून.

"हे कागद तुम्हाला लागतात," तो म्हणाला.

मी दाखला न वाचता घडी घालून खिशात ठेवला. तो बघतच राहिला.

"आता बोलता येतं?" मी विचारलं.

"येतं. पण खटल्याबद्दल मी बोलणार नाही. आतलं आतच राहू दे."

"मी विचारलं नाही."

"विचारणार होतात."

होते खरी. त्याऐवजी मी म्हणाले की मी फिस्ककडे गेले होते, आणि मला सगळं कळलं, आणि शुक्रवारी मी जे बोलले... तो म्हणाला की बाईंनी तुमची चिठ्ठी वाचून दाखवली. 'जेवायचं आणि झोपायचं' इथे दोन्ही वकील हसले. आपण मात्र हसलो नाही.

मग त्यानं टोपी हातात फिरवायला सुरुवात केली.

"एक सांगायला हवं. ते टाइप झालंय, कधीतरी तुमच्या कानावर येईल, त्यापेक्षा मीच... तुम्ही गेल्यावर मला आत बोलावलं. बाईंनी विचारलं, या मालकीणबाई दालनात असल्या की तुमचं लक्ष उडतं का? मी शपथेवर होतो."

"मग?"

"हो म्हणालो."

माझ्या हातातला ब्रश बादलीत पडला.

"सरकारी वकील उभाच राहिला. बाई म्हणाल्या, त्यांची भीती वाटते? म्हटलं, नाही. नोकरी जाईल असं वाटतं? म्हटलं, चिठ्ठी ऐकल्यावर नाही. मग कशानं उडतं?" टोपी गोल गोल फिरत होती. "मी म्हटलं, ते वर्षभर उडतंय. रोजच. खटल्याचा त्याच्याशी काही संबंध नाही."

बाहेर पागोळ्यांचा थेंब थेंब आवाज येत होता. माझे गाल तापले होते आणि ते लपवायला शेडमध्ये जागा नव्हती.

"आणि बाई काय म्हणाल्या?"

"चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, त्या दालनात नसतील तर नीट ऐकाल ना? मी म्हटलं, प्रयत्न करीन."

मला हसू फुटलं. पण संशय काही झोपत नाही. "वर्षभर? मग एक शब्द बोलला का नाहीत?"

"तुम्ही मालकीण. तुम्हाला नको असतं तरी मी रोज समोर दिसलो असतो. आणि हवं असतं... तर ते मालकिणीनं म्हटलंय की तुम्ही, हे मला कधी कळलं नसतं." त्यानं पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "म्हणून काल मी वॉरन फिस्ककडे काम मागितलं."

"मला ठाऊक होतं," मी म्हणाले. "मला पहिल्यापासून ठाऊक होतं, तुम्ही त्या म्हाताऱ्याकडे जाणार!"

"काल मागितलं. त्याआधी नाही. इथला हंगाम संपेपर्यंत इथेच आहे, डिसेंबरपासून तिकडे. तुम्ही माझी जागा ठेवलीत म्हणूनच ती सोडायची हिंमत झाली. आता मी भिंतीवरून आलो तर पाहुणा म्हणून येईन. तुम्ही परत पाठवलंत तर परत जाईन. त्यात कुणाचं पोट अडकलेलं नाही."

खोऱ्यातला सगळ्यात चांगला माणूस फिस्कला मिळणार होता, तोही माझ्याकडून. बाबा असते तर त्यांनी भिंत दोन हात उंच केली असती. मला वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी पायाखालची ओली फरशी हलकी झाल्यासारखी वाटत होती.

"तो किती देणार?"

"तुमच्याएवढेच."

"रविवारी सुट्टी देतो?"

"देतो. विचारून घेतलंय."

"मग कुठून येणार? भिंतीवरून की रस्त्यानं?"

"भिंतीवरून. जवळ पडतं."

"किती वाजता?"

"दोन?"

"जेवून येणार, की जेवायला?"

"जेवायला."

"आत्या कोबीचं सारण भरून पियेरोगी उकडते रविवारी," मी म्हणाले. बादलीतला ब्रश उचलला, पाणी झटकलं. "खातोस ना?"

टोपी फिरायची थांबली. त्याच्या कानांवर तोच लाल रंग हळूहळू चढत गेला.

"खातो," तो म्हणाला. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या, माझ्या शेजारी गुडघे टेकून बसला आणि दुसरी फळी धुवायला घेतली.